सकाळचा पांढरा धूर, पावणेदोन लाखांपुढचे मीटर आणि बोअरचे पाणी : जुनी डिझेल गाडी घेण्यापूर्वी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केज तालुक्यातील गावाहून वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अंबाजोगाईला न्यावे लागते आणि भाड्याच्या गाडीचा खर्च आता झेपत नाही, म्हणून तुम्ही ओळखीतल्या एकांची २०१३ सालची डिझेल डिझायर पाहिली आहे. मीटरवर १ लाख ८५ हजार किलोमीटर आहेत आणि मालक २ लाख ६० हजार रुपये मागत आहेत. सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर येतो आणि थोडा वेळ टकटक असा आवाज येतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) साफ केले की धूर जाईल, असे मालक सांगतात. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली सील) गेले आहे, हात लावू नका, असे तुमचे मित्र सांगतात. यातले कोणाचे खरे मानावे आणि गाडी घ्यावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी लातूरजवळ सत्तावीस वर्षे डिझेल इंजिनांचे काम करीत आहे. गाडी डोळ्यांनी न पाहता निकाल देणे योग्य होणार नाही, परंतु तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मालक आणि मित्र या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे निघू शकते, आणि दोघांनीही न सांगितलेली तिसरी शक्यता म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद, पडलेले असणे, ही मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. तिन्ही आजारांचा धूर लांबून सारखाच दिसतो, खर्चात मात्र काही हजारांपासून लाखापर्यंत अंतर आहे. म्हणून इंजिन चांगले असल्याचे तुमच्यासमोर सिद्ध होत नाही तोपर्यंत ते उघडावे लागणारच आहे असे धरून भाव करावा. मालक कितीही सज्जन असले तरी हे सोडू नये, कारण इंजिनच्या आत काय झाले आहे हे पुष्कळदा त्यांनाही माहीत नसते.

मीटरवरच्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. या गाडीतले १२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे आहे. मारुतीने ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा अशा गाड्यांत आणि टाटांनीही आपल्या काही गाड्यांत वापरले. वेळच्या वेळी ऑइल बदललेली अशी इंजिने तीन लाख किलोमीटर होऊनही न उघडता चाललेली मी पाहिली आहेत, आणि ऐंशी हजारांतच रिंगा धरलेलीही पाहिली आहेत. सोलापूर–धुळे महामार्गावर एका लयीत पळालेले दोन लाख किलोमीटर हे गावातून शेतात आणि शेतातून गावात, थंड इंजिनावर धुळीतून केलेल्या साठ हजारांपेक्षा इंजिनाला हलके जातात. शिवाय मीटर मागे केलेले असण्याची शक्यता नेहमीच असते. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, चालकाच्या सीटचा बाहेरचा काठ बसून बसून दबला असेल, स्टिअरिंगचे पांघरूण काढल्यावर खालचा भाग चकाकत असेल, तर १ लाख ८५ हजारांवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मालकांना काढून आणायला सांगा. शेवटची नोंद किती किलोमीटरची आहे आणि त्यानंतर किती वर्षे गाडी बाहेरच दुरुस्त झाली, एवढे पाहिले तरी अंदाज येतो.

माझ्या अनुभवात आपल्याकडे किलोमीटरपेक्षा जास्त इंजिने पाण्याने मेली आहेत, आणि हा मुद्दा इतर भागांतले लोक फारसा सांगत नाहीत. मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ज्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि सोलरच्या नळ्या चोंदतात, तेच पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातले जाते. कूलंट महाग आणि पाणी फुकट, म्हणून कोणी हातपंपावर कॅन भरून ओततो, कोणी शेतातल्या मोटारीचे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी तर टँकरचे जे मिळेल ते पाणी गाड्यांत पडले, त्यात कोणाचा दोष म्हणावा असे नाही. परिणाम मात्र इंजिनने भोगला. अशाच एका गाडीचे हेड मी उतरवले, तेव्हा पाण्याच्या वाटांमध्ये राखाडी पांढरा थर असा धरला होता की बोटाने तो जाणवेना, स्क्रू-ड्रायव्हरने टोकरल्यावर अंड्याच्या कवचासारख्या खपल्या निघाल्या, आणि जिथून करंगळी जायला हवी तिथून आगपेटीची काडी जेमतेम जात होती. मे महिन्यात बाहेर ४२–४३ अंश ऊन, आत एसी, गाडीत पाच माणसे आणि समोर मांजरसुंब्याचा घाट, अशा वेळी त्या वाटांतून उष्णता बाहेर पडणार कशी? या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. एकदा जोरात तापले की हेड वाकते, गॅस्केट फुटते, आणि पुढच्या मालकाला फक्त सकाळचा पांढरा धूर दिसतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो. गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आदल्या संध्याकाळीच मालकांना विनंती करा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट उघडायला सांगा आणि इंजिनवर तळहात ठेवा. ते किंचितही कोमट लागले तर कोणीतरी तुमच्याआधी सुरू करून धूर घालवून टाकला आहे, आणि त्या दिवशीच्या तपासणीला अर्थ उरत नाही. रागावू नका, दुसरा दिवस ठरवा. इंजिन थंड असेल तरच रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडा. गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. आत हिरवे, निळे, गुलाबी असे कोणत्या ना कोणत्या रंगाचे स्वच्छ कूलंट दिसायला हवे. गंजलेले तांबूस पाणी, झाकणाच्या आत पांढरी खर किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर मी सांगितलेली गोष्ट या गाडीत घडलेली आहे असे समजा. अगदी नवे, आजच ओतल्यासारखे कूलंट असेल तर जुने का काढले, हे विचारा.

झाकण उघडेच ठेवून कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि पाण्याकडे पाहत राहा. सुरुवातीला एकदोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे येतात, ते सोडून द्या. परंतु भाताच्या आधणासारखे बुडबुडे सतत येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे. मग झाकण लावून, इंजिन अजून थंड असतानाच, रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबून पाहा. एकदोन मिनिटांतच तो दगडासारखा कडक झाला, तर तो दाब गरम पाण्याचा नसून इंजिनच्या आतला आहे. त्यानंतर ऑइल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहा. दुधाच्या चहासारखा चिकट थर असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र होत आहे. या तीनपैकी एकही खूण स्पष्ट दिसली तर तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे, आणि वडिलांच्या उपचारासाठी लागणारी ही गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. गॅस्केट बदलणे अवघड नाही, पण तापलेले हेड किती वाकले आहे, त्याला आधी एकदा लेथवर प्लेन केले आहे का आणि त्याला तडा आहे का, हे उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि उतरवेपर्यंत गाडी तुमची झालेली असते.

त्यातले काही दिसले नाही तर धुराकडे वळा. कूलंट जळून येणारा धूर गोडसर वासाचा असतो, इंजिन गरम झाल्यावरही येत राहतो आणि टाकीतले पाणी हळूहळू कमी होत जाते. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो, आणि इंजिन तापत जाईल तसा तो कमी होतो. थंडीत असा धूर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडरमधली हवा तापवणारा भाग) गेल्यामुळेही येतो, पण परभणीतल्या डिसेंबरच्या सकाळी जे कारण चालते ते एप्रिल-मेमध्ये चालत नाही; उन्हाळ्यात आपल्याकडे ग्लो प्लग नसतानाही निरोगी इंजिन बहुधा सहज सुरू होते. म्हणून उन्हाळ्यातल्या सकाळीही धूर येत असेल तर कारण नोझल किंवा कॉम्प्रेशन यांपैकी एक समजावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि रेस दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. त्यात कधी कधी फक्त एअर फिल्टर चोंदलेला असतो.

नोझल की कॉम्प्रेशन, हा फरक नाकाने किंवा कानाने करता येत नाही, आणि अनेक चांगले कारागीरही इथेच फसतात. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवली जाते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. नोझलने नीट फवारले नाही, थेंब टाकले, तर डिझेल अर्धवट जळते. नोझल उत्तम आहे पण रिंगा किंवा व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) गळत आहेत, म्हणून हवा पुरेशी तापलीच नाही, तरीही डिझेल अर्धवटच जळते. दोन्हींत धूर तोच, वास तोच, गरम झाल्यावर कमी होणेही तेच. इंजिनच्या आतला फरक बाहेरून जरा तरी दाखवणारी घरच्या घरी करण्याची परीक्षा म्हणजे आपण ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ती. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण फिरवून मोकळे करा आणि त्याच भोकावर उलटे ठेवा. झाकण थोडेसे थरथरले आणि विरळ वाफ दिसली तर या वयाच्या इंजिनला ते शोभते. झाकण नाचू लागले, उडून पडले किंवा भोकातून चुलीसारखा धूर भकाभक येऊ लागला तर रिंगा गेल्या आहेत. अशी गाडी घाटात दामटू नये. दाबाने वर चढलेले ऑइल हवेच्या नळीतून परत इंजिनमध्ये ओढले जाते, आणि क्वचित इंजिन त्या ऑइलवरच रेस पकडते. मग चावी काढली तरी ते थांबत नाही. तसे कधी झालेच तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे.

घरची परीक्षा पास झाली तरी कॉम्प्रेशन गेज लावून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. अशा डिझेल इंजिनमध्ये २५ ते ३० बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास दाब मिळाला तर समाधान मानावे. आकड्यापेक्षाही चारही सिलिंडरमधला सारखेपणा महत्त्वाचा असतो. तीन सिलिंडर २६–२७ दाखवत असतील आणि एक १९ वर अडकला असेल तर तो एकटाच तुमचे इंजिन उघडायला लावेल. चारही सारखे आणि चांगले निघाले तर मालकांचे म्हणणे खरे धरून पंप-नोझलच्या दुकानात रिटर्न तपासून घ्या. तिथे प्रत्येक नोझलची परतीची नळी वेगवेगळ्या बाटलीत सोडतात आणि काही मिनिटे इंजिन चालवतात. तीन बाटल्यांत दोन-दोन बोटे डिझेल आणि चौथीत निम्मी बाटली भरली, तर दोष कुठे आहे हे लहान मुलालाही कळते. झिजलेले नोझल साफ करून नवे होत नाही, एवढे मालकांना सांगा. कचऱ्याने अडलेले नोझल सफाईने सुधारते. झिजलेले बदलावे किंवा जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावे लागते.

टकटक आवाजाचेही असेच आहे. सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणाऱ्या इंजिनातल्या साखळीचा) खडखडाट होऊन ऑइल चढताच तो थांबला तर चिंता कमी. तो मिनिटभर टिकला तर चेन सैल झाली आहे किंवा तिचा ताणक थकला आहे. या इंजिनला पट्टा नसून चेन आहे, म्हणून ती कधीच बदलावी लागत नाही, असा एक गैरसमज आहे. ऑइल दहा हजारांऐवजी वीस-वीस हजारांनी बदलले की चेन ताणते, आणि ती सटकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गरम इंजिनवर रेस देताना खालून जड, बोथट ठोके येत असतील तर मात्र ते बेअरिंग आहे. तिथून परत फिरावे.

विकणारे काय काय झाकतात, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. डिझेल इंजिनचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, म्हणून पट्टीवर मधासारखे सोनेरी ऑइल दिसले तर ते नुकतेच टाकले आहे. आणि बोटांत धरून ताणल्यावर गुळाच्या काकवीसारखी तार धरत असेल तर आवाज आणि धूर दाबण्यासाठी मुद्दाम जाड ऑइल ओतले आहे. दुसरी युक्ती थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची. गाडी तापते म्हणून हा व्हॉल्व्ह काढून टाकायचा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करायचा, ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. एसी बंद ठेवून चावी फिरवा. इंजिन थंड असूनही फॅन लगेच फिरू लागला, तर कोणीतरी आजार न काढता ताप मोजायचे थर्मामीटरच फेकून दिले आहे. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा क्षणभर लागून इंजिन सुरू होताच विझायला हवा. तो लागतच नसेल तर तो काढला आहे. स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या चुकांच्या नोंदी वाचणारे यंत्र) लावणार असाल तर तीस-चाळीस किलोमीटर चालवून झाल्यावर लावा, कारण आधी पुसलेल्या चुका नव्याने नोंदवल्या जायला तेवढा वेळ लागतो. त्यातच कूलंटचे तापमानही पाहा. ते साधारण ८५ ते ९५ अंशांवर स्थिर राहिले पाहिजे. साठ-पासष्टवरच रेंगाळले तर थर्मोस्टॅट गेला आहे किंवा काढला आहे.

किमतीबद्दल. आमच्या भागात या इंजिनचे हाफ काम, म्हणजे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि हेडचे काम, साठ-सत्तर हजारांच्या खाली नीट होत नाही. बोअर-पिस्टन, क्रँक, चेन यांसह फुल इंजिन केले तर आकडा लाखाच्या पुढे जातो, आणि त्यात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) किंवा नोझल खराब निघाले तर आणखी वाढतो. म्हणून वर सांगितलेल्या तपासण्या करू देण्यास मालक तयार नसतील तर तुमचा भाव २ लाख ६० हजारांतून एक लाख वजा करून सुरू व्हायला हवा, आणि त्यावर ते तयार झाले तरी ते एक लाख तुमच्या खात्यात शिल्लक असायला हवेत. तपासण्या करू दिल्या, बुडबुडे नाहीत, कॉम्प्रेशन सारखे आहे आणि फक्त एखाद-दुसरे नोझल दोषी निघाले, तर त्या दुरुस्तीची रक्कम कमी करून गाडी निश्चिंतपणे घ्या. रिंगा गेल्या असतील पण हेड कधी तापलेले नसेल, अशी गाडीही स्वस्तात घेऊन फुल इंजिन करता येते, कारण सुटे भाग आणि लेथचे कारागीर दोन्ही लातूर, बीड, संभाजीनगर येथे मिळतात. पण इंजिन खोलून जोडेपर्यंत पंधरवडा जातो, आणि वडिलांचे डायलिसिस पंधरा दिवस थांबणार नाही, हे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. तुमच्या फेऱ्या धरून महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील तर डिझेलचा हट्ट कशासाठी? तेवढ्याच पैशांत एका हाताने वापरलेली लहान पेट्रोल गाडी मिळाली तर इंधनावर थोडे जास्त जातील, परंतु तिच्यात टर्बो नाही, महागडे नोझल नाहीत, आणि बिघडलीच तर दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होते. मी माझ्या भावाला हाच सल्ला दिला असता.

कागदपत्रांचे थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकांची सही तुमच्यासमोर घ्या, थकलेली ई-चलने आधी भरून घ्या, आणि विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. २०१३ ची नोंदणी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल, तेव्हा फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागेल; भाव करताना हेही बोलून दाखवा.

आणि कॉम्प्रेशन गेज लावण्यापूर्वी एक बोलणे नक्की करा. गेज बसवण्यासाठी बहुधा ग्लो प्लग काढावे लागतात, आणि एवढ्या चाललेल्या इंजिनमध्ये ते गंजून हेडमध्ये धरलेले असतात. कारागिराला इंजिन गरम असताना, गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी टाकून, घाई न करता ते काढायला सांगा. एखादा आतच तुटला तर तो काढण्याचा खर्च मालकांनी द्यायचा की तुम्ही की निम्मा-निम्मा, हे पाना लावण्याआधी दोघांनी मिळून ठरवा आणि कारागिराच्या समोर बोला.